मध्यंतरापर्यंत

"उठतो मी," अण्णा म्हणाले. पडद्यावरची बाई अजून टेबलापाशीच उभी होती, पण त्यांनी कापडी पिशवी खांद्याला लावलीसुद्धा.

"दिवे तरी लागू देत."

"लागतीलच आता. सामोशाचा वास आला बघ."

दिवे लागले. कॅम्पातल्या त्या थिएटरात रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे लागत. दिगंबर तांबवेकर, म्हणजे आमच्या प्रेसमधल्या सगळ्यांचे अण्णा, महिन्यातून एकदा मला तिथे घेऊन जात. अण्णा 'घुबड रहस्यमाला' लिहीत. दर महिन्याच्या एक तारखेला एक कादंबरी, लेखकाचं नाव 'निशाचर'. मी प्रेसमध्ये प्रुफं तपासत असे. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली मी एकटीच असल्यामुळे शेजारी बसून संवाद मराठीत कुजबुजायचं काम माझ्याकडे आलं होतं. गोरे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी अण्णांची तक्रार होती. खरं तर निम्मं मलाही कळत नसे. ते मी अंदाजाने सांगायची.

"दोन कप काढलेन् तिने," अण्णा खूश होऊन म्हणाले. "पाहिलंस ना? घरात एकटी राहते, नवरा समुद्रात बुडालाय आणि टेबलावर मांडते दोन कप! काय जागा आहे! काय जागा!"

"पुढे कळेल ना कुणाचा ते."

"तुला कळेल. मला सांगायचं नाही."

"माहितेय हो."

"उद्या प्रेसमध्ये चेहऱ्यावरसुद्धा आणायचं नाही."

ते गर्दीतून वाट काढत बाहेर गेले. हा त्यांचा नेम होता. सिनेमा मध्यंतरापर्यंत बघायचा आणि घरी जाऊन उरलेली कादंबरी आपल्या मनाने लिहायची. एकदा मी त्यांना विचारलं होतं, अर्ध्या तिकिटाचे पैसे वाया घालवून हे कशासाठी? ते म्हणाले, "पुढचं बघितलं तर मी नकल्या. नाही बघितलं तर लेखक. एवढाच फरक आहे माझ्यात आणि त्या सबनीसात."

सबनीस हा आमचे प्रकाशक पटवेकर यांच्या ओळखीतला एक तरुण होता. तो शेवटपर्यंत सिनेमा बघायचा, एकच सिनेमा दोनदा बघायचा, आणि आठवड्यात कादंबरी देतो म्हणून सांगायचा. पटवेकर त्याचं नाव अण्णांसमोर मुद्दाम काढत.

त्या रविवारी मी शेवटपर्यंत बसले. खुनी गावातला डॉक्टर निघाला. कड्यावरून तो पडतो, बाई वाचते, समुद्र दिसतो, सिनेमा संपतो. दुसऱ्या कपाचा पुन्हा उल्लेख झाला नाही. उत्तरार्धात ती बाई एकदा चहा करते आणि एकटीच पिते. एकच कप. मी वाट पाहत राहिले, पण दिग्दर्शक ते विसरला होता, किंवा त्याच्या लेखी तो फक्त कप होता.

सोमवारी मी चेहऱ्यावर काही आणलं नाही.

अण्णांनी ती बाई अलिबागेजवळ आणून ठेवली. समुद्रकाठी घर, नवरा होडीबरोबर बेपत्ता, गावात एक खून झालेला, आणि तपासाला मुंबईहून आलेले त्यांचे नेहमीचे डिटेक्टिव्ह रणदिवे. पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी रणदिवे त्या घरात शिरतात आणि त्यांना टेबलावर दोन कपबश्या दिसतात. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी पुन्हा दोन. तिसऱ्यात दुसरा कप कोरडा असल्याचं त्यांच्या लक्षात येतं. प्रुफं वाचताना मलाही पुढचं पान हवंसं वाटायचं. सिनेमा बघून आलेली असूनही.

प्रेसची पद्धत अशी होती की अण्णा जसे लिहीत तसा मजकूर जुळवला जाई. सोळा पानांचा एक फॉर्म भरला की तो छापून टाकायचा आणि टाईप, म्हणजे जुळवलेली शिशाची अक्षरं, सुटा करायचा, कारण पुढच्या फॉर्मला तोच टाईप लागे. छापलेल्या पानांत मागे जाऊन काही बदलता येत नसे. अण्णांचं यामुळे कधी अडलं नव्हतं. पुढचं सुचेल, असा त्यांना विश्वास होता आणि ते सुचायचंही.

या वेळी सुचलं नाही.

महिना संपत आला तशी त्यांची पानं कमी होत गेली. शेवटचा फॉर्म रिकामा राहिला. घोटाळा काय झालाय ते मला प्रुफांवरून दिसत होतं. वाचकाचा अंदाज चुकवायच्या नादात, दुसरा कप ज्याचा असू शकला असता त्या प्रत्येकाला अण्णांनी आधीच्या प्रकरणांत निकालात काढलं होतं. नवऱ्याचं प्रेत सापडलं होतं. दीर बेळगावला होता आणि त्याचा पुरावाही छापून झाला होता. शाळामास्तरावर संशय घ्यावा तर त्याला पाचव्या प्रकरणात विंचू चावला होता.

"मास्तराला कशाला मारलंत?" मी विचारलं.

"त्या वेळी बरं वाटलं."

शनिवारी पटवेकर अण्णांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते हसून बोलत आणि ते जास्त वाईट असे.

"काय निशाचर, कप कुणाचा?"

"येतंय."

"सोमवारी सकाळी मशीन रिकामं राहिलं तर मी घुबड सबनीसकडे देणार. या महिन्यापुरतं नव्हे, कायमचं. तो मुलगा निदान शेवटपर्यंत बसतो."

अण्णांनी दौतीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. घुबड गेलं तर त्यांना दुसरं काही येत नव्हतं. एका शाळेतली नोकरी त्यांनी या मालिकेसाठी सोडली होती आणि त्याला खूप वर्षं झाली होती.

रविवारी दुपारी ते आमच्या घरी आले. त्याआधी कधी आले नव्हते. शनिवार पेठेत तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. आत शिरताना वाकावं लागे. दाराबाहेर पुरुषी चपलांचा एक जोड होता. त्याच्या शेजारी आपल्या चपला काढता काढता अण्णा थबकले.

"कुणी पाहुणे आलेत का? मग मी नंतर येतो."

"छे छे, कुणी नाही. या ना," आई म्हणाली. "कुंदा, पंखा लाव."

अण्णांनी एकदा खाली पाहिलं, मग आत आले. खुर्ची असूनही कॉटच्या कडेवर टेकले. आई स्वयंपाकघरात गेली. आमच्या दोन खोल्यांमध्ये पडदा होता. त्यामुळे इकडचं बोलणं तिकडे ऐकू जाई आणि तिकडचा स्टोव्ह इकडे.

"जेवलात का अण्णा?"

"नाही. हो. ते राहू दे." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "सांग."

"काय?"

"कप कुणाचा ते."

मला वाटलं ते गंमत करतायत. चेहरा बघितला तर तसं नव्हतं.

"अण्णा, मध्यंतरानंतरचं तुम्हाला सांगायचं नाही असं तुम्हीच..."

"मीच म्हणालो होतो. आज मीच म्हणतोय, सांग. इतकी वर्षं पाळलं, आता नाही पाळत. घुबड त्या सबनीसाला देण्यापेक्षा नकल्या झालेलं परवडलं. बोल, कुणाचा होता?"

कुणाचाच नव्हता. सिनेमात त्याचं पुढे काहीच होत नाही. हे मी सांगितलं असतं तर ते खरंच होतं, पण ते घेऊन अण्णा काय करणार होते? ज्या कपावर त्यांनी अख्खी कादंबरी उभी केली होती, तो मूळ सिनेमात कुणी उचललाही नव्हता.

स्टोव्हला आई पंप मारत होती. दाराच्या फटीतून उन्हाची पट्टी आत आली होती.

"कुणाचाच नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे तो कप कुणासाठी नसतोच. ती मुद्दाम ठेवते." मी बोलत गेले तसं मला पुढचं दिसत गेलं. "ती एकटी आहे ना? दारात माणसं येतात. दूधवाला येतो, पोस्टमन येतो, भाडं मागायला येणारा येतो. दार उघडलं की प्रत्येकाची नजर तिच्या खांद्यावरून आत जाते. तिथे त्यांना दोन कप दिसले पाहिजेत. म्हणजे आत आणखी कुणीतरी आहे असं वाटतं. मग माणूस उंबऱ्याबाहेरच थांबतो."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले.

"आणि खुनी?"

"तोही फसतो. घरात दुसरं कुणी आहे असं समजून इतके दिवस आत शिरत नाही. म्हणून तर ती वाचते."

"आई गं," अण्णा हळूच म्हणाले. ते उठले, दोन पावलांत खोली संपली म्हणून वळले. "म्हणजे कोरडा कप... बरोबर. तिसऱ्या प्रकरणात कोरडाच आहे. बेळगावचा दीर, तोही जमतो, कारण कुणी नसलंच पाहिजे. मास्तर मेला तेही बरं झालं! कुंदे, सगळं जमतंय गं!" मग ते थांबले. "हे सिनेमात आहे?"

"आहे."

"त्या कड्यावरच्या बंगल्यात दूधवाला येतो?"

"येतो."

"आणि भाडं मागायला?"

"येत असेल. इंग्लंडात भाडेकरू नसतात का?"

"ती बंगल्याची मालकीण होती. नवऱ्याने तिच्या नावावर केला होता. तूच कुजबुजलीस मला."

अण्णांनी दाराकडे पाहिलं. बाहेर त्यांच्या झिजलेल्या चपला आणि शेजारी तो दुसरा जोड, चामड्याचा, पुसून ठेवलेला.

"कुंदा, मला तू म्हणाली होतीस, घरी मी आणि आई."

"हो."

"मग त्या कुणाच्या?"

आत स्टोव्हचा आवाज बंद झाला. पडदा सारून आई बाहेर आली. पदराला हात पुसत ती उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांच्या."

"ते..."

"कुंदा कॉलेजात जायला लागली त्या वर्षी गेले."

चपला दाराशी असतात हे मला माहीत होतं. रोज सकाळी आई त्या झटकते आणि कधी सरळ, कधी तिरक्या, कुणी नुकत्याच काढल्यासारख्या ठेवते, हेही मी बघितलं होतं. कशासाठी ते आम्ही कधी बोललो नव्हतो. मला वाटायचं, आठवण म्हणून. ते तसं नाही, हे मला त्या दुपारी, अण्णांना कपाची गोष्ट सांगता सांगता, बोलण्याच्या ओघात कळलं होतं.

"घरमालक वर राहतात," आई म्हणाली. "नेर्लेकर. भाड्याचं निमित्त काढून येतात. पहिल्या वर्षी आत येऊन बसायचे. मग मी चपला ठेवल्या. म्हटलं भाऊ आलाय गावाहून, जाऊन-येऊन असतो."

"आणि त्यांना खरं वाटलं?"

"दारात थांबायला लागले."

अण्णांनी मान हलवली. खांद्यावरची पिशवी नीट केली. "मी निघतो वहिनी. मुलीने मला गोष्ट फार चांगली सांगितली. पण मला ती घेता यायची नाही."

"का?" मी विचारलं. "सिनेमातली नाही म्हणून? मग तर उलट..."

"अगं, सिनेमातली असती तर एकवेळ चोरली असती. इथे मी कुणाचं काय उचलतोय?" मग त्यांनी आईला विचारलं, "हे नेर्लेकर घुबड वाचतात?"

"एक तारखेला हातात असतं त्यांच्या. जिन्यात बसून वाचतात."

"झालं तर मग. शेवटच्या पानावर रणदिवे उलगडा करणार, आणि दुसऱ्या मिनिटाला तो माणूस जिना उतरून तुमच्या दाराशी चपला बघायला येणार. नाही जमायचं." ते दारापर्यंत गेले. "करू दे सबनीसाला. माझं काय, कुठेतरी शिकवण्या बघतो."

ते चपलेत पाय घालत होते तेव्हा आईने विचारलं, "त्या बाईचं शेवटी काय होतं?"

"कुठल्या?"

"तुमच्या. दोन कपवाल्या."

"खुनी सापडतो. रणदिव्यांना कपाचं कळतं."

"कळल्यावर काय करतात ते?"

"काय करणार? सगळ्यांना गोळा करून सांगतात. नेहमी तसंच असतं. शेवटचं प्रकरण म्हणजे तेच की."

"का सांगतात?"

इतक्या कादंबऱ्यांत रणदिव्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

"वाचकाला कळायला हवं म्हणून," ते शेवटी म्हणाले.

"ज्याला कळायचं त्याला कळेल," आई म्हणाली. "तुमचा तो रणदिवे एवढा हुशार आहे, तर त्याला हेही कळलं पाहिजे की हे सांगायचं नसतं. खुन्याला पकडा, न्या, काय हवं ते करा. बाई तिथेच राहणार आहे ना पुढे? एकटीच?"

अण्णा दारात एक पाय आत आणि एक पाय बाहेर, तसेच उभे होते.

"कप घ्या तुम्ही," आई म्हणाली. "चपला लिहू नका. त्या मला लागतात."

मग ती आत गेली आणि तिने स्टोव्ह पुन्हा पेटवला. "चहा घेऊन जा," तिने आतूनच सांगितलं. अण्णांनी चहा घेतला, पण उभ्याउभ्याच. त्यांना लिहायची घाई झाली होती.

सोमवारी सकाळी शेवटचा फॉर्म जुळवायला आला. प्रुफं माझ्याकडेच होती. खुन्याला पोलीस घेऊन जातात. रणदिवे निरोप घ्यायला त्या घरी येतात. बाई आत असते. टेबलावर दोन कप असतात, एक उष्टा, एक कोरडा. रणदिवे दोन्ही कप विसळतात, पुसतात आणि दोन्ही पुन्हा टेबलावर मांडतात, दारातून दिसतील असे. बाई बघते. रणदिवे टोपी घालतात आणि होडीकडे निघतात. कादंबरी संपली. मी एकही चूक काढली नाही. एक रफार निसटलेला होता, तो नंतर पुस्तकातही तसाच राहिला.

पटवेकर संतापले. "अरे, पण कप कुणाचा? सांगितलंच नाहीस!" पण मशीन थांबवणं त्यांना परवडणारं नव्हतं. पुस्तक गेलं. पुढचे दोन आठवडे प्रेसमध्ये पोस्टकार्डं येत राहिली. निशाचरांनी वाचकांची फसवणूक केली, कपाचा खुलासा पुढच्या अंकात करावा, पैसे परत करावेत. ती मीच उघडत असे. त्यात काही कार्डं बायकांची होती. एकीने लिहिलं होतं, पुस्तक आवडलं, दर महिन्याला असंच लिहावं. बायकांपैकी कुणीही कपाबद्दल काही विचारलं नव्हतं.

ती कार्डं मी वेगळी करून पटवेकरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली. सबनीसचं नाव त्यांनी पुन्हा बराच काळ काढलं नाही.

आणि नेर्लेकर. एक तारखेला संध्याकाळी ते जिन्यावरून उतरले, आमच्या उंबऱ्याबाहेर थांबले आणि हातातलं घुबड नाचवत आईला म्हणाले, "या वेळी निशाचराचा शेवट बिघडला हो. तुमची कुंदा तिथेच असते ना? विचारा तिला, दुसरा कप कुणाचा?"

"असेल कुणाचा तरी," आई म्हणाली. "भाऊ झोपलाय. जरा हळू बोला."

मी पुढे वर्तमानपत्रात गेले. रोजची पानं वेळेत लावता लावता कथाही लिहीत गेले. माझ्या कथांवर सिनेमाचा परिणाम दिसतो, असं म्हणतात. मुलाखतींमध्ये हटकून विचारलं जातं, कुठल्या सिनेमांनी तुम्हाला घडवलं? मी सांगते, बहुतेक अर्ध्या. लोक हसतात, पुढचा प्रश्न विचारतात.

अण्णा नंतरही बरीच वर्षं लिहीत होते. आता ते नाहीत, घुबडही नाही आणि ते थिएटरही नाही. मागच्या पावसाळ्यात भाच्याने मला तो सिनेमा कुठूनतरी मिळवून दिला. मी संगणकासमोर बसले. बाई टेबलाशी आली, तिने दोन कप काढले, आणि मी मध्यंतराची वाट पाहिली. ते आलं नाही. चित्र थांबलंच नाही. पुढच्याच क्षणी समुद्र दिसला, कुणीतरी घोड्यावरून आलं, गोष्ट पुढे सरकली. त्या सिनेमांना मध्यंतर कधी नव्हतंच. थिएटरवाले आपल्या सोयीने रीळ थांबवत, कँटीनचे सामोसे तळून झाले की. अण्णांना जी जागा दिग्दर्शकाने मुद्दाम घेतली असं वाटलं होतं, ती सामोसे तळणाऱ्याची होती.

हे त्यांना सांगायला हवं होतं. ते फार हसले असते. मी सिनेमा तिथेच बंद केला.

आई गेल्यावर मी त्या खोल्या सोडल्या. सामान हलवताना दाराशी त्या चपला होत्याच, तिरक्या, कुणी आत्ताच काढल्यासारख्या. नेर्लेकर तिच्या किती तरी आधी गेले होते. तरीही तिने त्या रोज झटकणं सोडलं नव्हतं.

अण्णांना तिने कप दिले होते. माझ्या कुठल्याही कथेत आजवर चपला आल्या नाहीत. आता त्या कुणाला लागत नाहीत, म्हणून लिहिल्या.